घरगुती अल्बम

पूर्वी गाण्यांचा अल्बम काढायला कंपनी असायची. कलावंताने गायचं आणि घरी जायचं. रेकॉर्डिंग, कव्हर, छपाई, जाहिरात, दुकानात माल पोचवणं आणि सरतेशेवटी कलावंताचे पैसे बुडवणं, या प्रत्येक कामाला कंपनीत वेगळं खातं असे. आता कंपनीची गरज राहिलेली नाही, असं माझा भाचा आणि त्याच्या बँडमधली तीन मुलं छातीठोकपणे सांगतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. गरज राहिली नाही, कारण कंपनीची सगळी खाती कोथरूडला माझ्या बहिणीच्या फ्लॅटमध्ये उघडली आहेत. रेकॉर्डिंग खातं मागच्या बेडरूममध्ये, गोदाम पलंगाखाली, उपाहारगृह अर्थातच ताईकडे आणि वाहतूक माझ्या वॅगनआरमध्ये. हिशेब खातंही माझ्याकडेच. माझी हयात बँकेत गेली, आणि बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला आकडेमोड मिळाली नाही तर तो अंथरूण धरतो, असा तरुण पिढीचा समज आहे.

बँडचं नाव मी इथे देत नाही. ‘मामा, तू विनोदी लिहितोस. त्यात आमचं नाव आलं की सगळी मिस्ट्री जाईल,’ असं भाच्याने बजावलंय. मिस्ट्री हे या धंद्यातलं भांडवल आहे आणि सध्या त्यांच्याकडे दुसरं कुठलंच भांडवल नाही. तेव्हा माणसांचीही नावं नकोत. भाचा बेस वाजवतो. गायक सीएच्या शेवटच्या परीक्षेपाशी बरीच वर्षं मुक्कामाला आहे. ड्रमर हिंजवडीला आयटीत आहे, त्यामुळे तालीम कधी हे अमेरिकेतला कुणीतरी क्लायंट ठरवतो. चौथा गिटारवाला. गाणी तोच लिहितो, चाली बहुतेक तोच लावतो आणि उरलेल्या वेळात त्याच्याकडे व्हिजन असते. गाणी मराठीत आहेत आणि जवळजवळ प्रत्येकात धुकं आहे. आमच्या आईने, म्हणजे भाच्याच्या आजीने, पहिली दोन गाणी अगदी लक्ष देऊन ऐकली आणि हळूच विचारलं, ‘कोण गेलं रे?’

खोली साउंडप्रूफ करण्यापासून सुरुवात झाली. मुलांनी कुठून कुठून अंड्यांचे रिकामे ट्रे गोळा केले आणि भिंतभर चिकटवले. अंड्यांच्या ट्रेने आवाज अडतो, ही जगभरच्या बँडवाल्यांची लाडकी अंधश्रद्धा आहे. आवाज अडवायला वजन लागतं, जाडजूड भिंत लागते. पुठ्ठ्याने फार तर खोलीतल्या खोलीत वरच्या पट्टीतला आवाज थोडा कमी घुमतो. बेस आणि ड्रमची किक यांना पुठ्ठ्याची ओळखही नसते. ते स्लॅबमधून सरळ खालच्या मजल्यावर उतरतात. झालं तसंच, आणि सोसायटीच्या कमिटीने तातडीची सभा बोलावली. भाऊजी आवाजाबद्दलची माफी पाठ करून गेले. पण सभेत आवाजाचा विषयच निघाला नाही. ‘बिल्डिंगमध्ये एवढी अंडी खातं कोण?’ हा प्रश्न होता. ट्रे रिकामेच आणले होते, आतली अंडी परक्या लोकांनी परक्या ठिकाणी खाल्ली आहेत, हे भाऊजींनी उभं राहून सांगितलं. दोन सभासदांनी ट्रेचा वास घेऊन खात्री केली. शेवटी इतिवृत्तात नोंद झाली की, सदर फ्लॅटमध्ये वादन करण्यास हरकत नाही, मात्र भिंतीवर अंडीसदृश वस्तू नसाव्यात. ट्रे गेले, ताईच्या लग्नातल्या गाद्या आल्या आणि आवाज खरोखरच थोडा कमी झाला.

ड्रम मात्र घरात रेकॉर्ड करता येत नाहीत. त्यांना सात-आठ माइक लागतात, म्हणून स्टुडिओ घ्यावा लागतो आणि स्टुडिओचं मीटर तासावर चालतं. मला वाटलं होतं, गेल्याबरोबर वाजवायला लागतील. पहिले कितीतरी तास ड्रमर एकाच ड्रमवर एकच टोला मारत होता. टप्प. मग काचेपलीकडचा इंजिनिअर माइक बोटभर सरकवायचा. पुन्हा टप्प. मी मनातल्या मनात एका टप्पचा भाव काढत बसलो होतो. दुपारी गाणं सुरू झालं तेव्हा वेगळाच घोटाळा. रेकॉर्डिंगच्या वेळी कानात एक टिकटिक लावतात, तिला ही मंडळी क्लिक म्हणतात, आणि सगळ्यांनी तिच्या तालावर चालायचं असतं. आमचा ड्रमर गेली काही वर्षं गणपतीत ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो. लक्ष्मी रोडवर मागून दुसरं पथक चढत येत असताना जो माणूस वाजवायला शिकला, त्याला टिकटिकीच्या मागे रेंगाळायला कसं जमणार? धुक्यावरचं संथ गाणं तिसऱ्या कडव्याला अलका टॉकीज चौकात पोचलेलं असायचं.

गायन घरीच, आणि तेही कपाटात. यात विनोद नाही. लटकवलेले कपडे आवाज शोषतात, त्यामुळे भिंतींवरून परतून येणारा आवाज माइकमध्ये शिरत नाही, म्हणून बिनपैशाच्या गायकांसाठी कपड्यांचं कपाट हा खरोखर चांगला स्टुडिओ आहे. ताईच्या कपाटाची दोन्ही दारं सताड उघडायची, दारांवर रजया टाकायच्या, साड्यांच्या मधोमध माइक उभा करायचा आणि गायकाने ताईच्या पैठणीला उद्देशून विरहगीत म्हणायचं. महिना मे. माइक पंख्याचा आवाज ओढतो म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, अंगावरून घामाच्या धारा. फ्रिजची घरघरही येते म्हणून फ्रिजही बंद. साउंडचं काम करणाऱ्या लोकांची यावर एक जुनी युक्ती आहे. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे फ्रिज परत चालू केल्याशिवाय कुणी घरी जाऊ शकत नाही. युक्ती नामी आहे. फक्त किल्ली माझी होती आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. मी सगळे खिसे, सोफ्याच्या फटी आणि देवघर धुंडाळून शेवटी रिक्षाने घरी गेलो. किल्ली रात्री आमरसाच्या पातेल्याशेजारी सापडली. आमरस मात्र गेला, कारण किल्ली सापडेपर्यंत फ्रिज बंदच होता.

या कपाटात सर्वांत सुंदर टेक मिळाला तेव्हा शेवटच्या ओळीच्या आधी खालच्या काकूंच्या कुकरची शिट्टी झाली. गायक मटकन खाली बसला. गिटारवाल्याने मात्र हात वर केला, शिट्टीचा तुकडा पुन्हा ऐकला, ट्यूनर लावला आणि जाहीर केलं की शिट्टी गाण्याच्या पंचमाला लागते आहे. ‘ठेवू या. ऑर्गॅनिक वाटतंय.’ तेव्हापासून शिट्टी अल्बममध्ये आहे. काकूंना कळल्यावर त्या म्हणाल्या, ‘आधी सांगायचं ना, नवा कुकर लावला असता.’

इतका वेळ लागतोच का, हा प्रश्न मी हिशेब खात्याच्या वतीने विचारून पाहिला. बीटल्सच्या पहिल्या अल्बममधली दहा गाणी एका दिवसात रेकॉर्ड झाली, ११ फेब्रुवारी १९६३ ला, लंडनमध्ये. जॉन लेननला त्या दिवशी सर्दी झाली होती. सगळ्यांत घसाफोड गाणं मुद्दाम शेवटी ठेवलं आणि उरलासुरला आवाज त्याने त्यात संपवला. आमच्या गायकाला सर्दी झाली की पंधरा दिवस रेकॉर्डिंग बंद आणि आजीचा ज्येष्ठमधाचा काढा चालू. हे बोलून दाखवल्यावर मुलांनी मला गन्स अँड रोझेसचं उदाहरण दिलं. त्यांनी १९९१ नंतर नव्या गाण्यांचा अल्बम थेट २००८ मध्ये काढला. म्हणजे सतरा वर्षं. आमच्या अल्बमला फक्त तीन पावसाळे झालेत. त्या हिशेबाने आपण घाईच करतोय, असं भाच्याचं मत पडलं.

रेकॉर्डिंगनंतर मिक्सिंग. सगळी वाद्यं वेगवेगळी रेकॉर्ड झालेली असतात, आता कोण किती मोठ्याने ऐकू यावं हे ठरवायचं. यासाठी चारही जण एकत्र बसतात, आणि मित्र एकत्र राहू नयेत अशी कुणाची इच्छा असेल तर त्याने त्यांना मिक्सिंगला बसवावं. बेसवाल्याच्या मते बेस कमी. गिटारवाल्याच्या मते गिटार कमी. गायक काही बोलत नाही, फक्त दुखावल्यासारखा दिसतो. इंजिनिअर बिचारा सगळ्यांना थोडं थोडं वर चढवतो आणि गाणं पुन्हा होतं तिथेच येतं, फक्त जास्त मोठ्याने. मोठा आवाज करूनही उपयोग नाही, कारण स्पॉटिफाय सगळ्यांची गाणी साधारण उणे चौदा लफ्स नावाच्या एकाच पातळीवर आणून बसवतं. ज्यांनी ओरडून पाठवलं त्यांना खाली बसवतं. असली समानता मी सोसायटीच्या सभेतही पाहिलेली नाही.

मिक्स बरा झालाय की नाही हे गाडीत ऐकून ठरवतात. महागड्या स्टुडिओतले इंजिनिअरही हे करतात, कारण लोक गाणी अखेर गाडीतच ऐकतात. त्यामुळे माझ्या वॅगनआरला वाहतुकीबरोबर गुणवत्ता नियंत्रणाचं खातंही मिळालं. रात्री साडेअकराला पार्किंगमध्ये काचा वर करून चार दाढीवाली मुलं अंधारात बसली आहेत, एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजतंय, मधूनच एकजण दार उघडून उतरतो, गाडीला फेरी मारतो, डोकं हलवतो आणि परत आत बसतो. वॉचमनने पहिल्या रात्री दुर्लक्ष केलं. दुसऱ्या रात्री येऊन मला विचारलं, ‘साहेब, पोरं काही घेतात का?’ मी म्हटलं, ‘निर्णय घेत नाहीत, एवढं नक्की.’ गंमत अशी की शेवटचा वाद त्यानेच मिटवला. आठवडाभर गाणं बंद काचांतून ऐकून ऐकून तो एका रात्री काचेवर टकटक करून म्हणाला, ‘कालचं बरं होतं.’ कालचंच ठेवलं.

आता खरा छळ. फॉर्म. हल्ली गाणी जगभर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटर कंपन्या असतात. वर्षाचे थोडे पैसे भरायचे, गाणं चढवायचं आणि प्रत्येक गाण्यामागे एक लांबलचक फॉर्म भरायचा. गीतकाराचं संपूर्ण नाव, संगीतकाराचं संपूर्ण नाव, भाषा, वर्ष, गाण्याचा बारा अक्षरी आयएसआरसी क्रमांक. याला मेटाडेटा म्हणतात. हे नवीन आहे असं मुलांना वाटतं, पण कलकत्त्याच्या गौहरजानने १९०२ साली ग्रामोफोन कंपनीसाठी गायला सुरुवात केली तेव्हाही हाच प्रश्न होता. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कारागिराला गाण्यातलं अक्षर कळायचं नाही, मग कुठल्या तबकडीवर कुणाचं लेबल लावायचं? म्हणून बाई तीन मिनिटांत अख्खा राग आटपून शेवटी इंग्रजीत आपलं नाव ठणकावून सांगायच्या. प्रश्न मिटला. आमच्या गायकाने असं सांगायला हवं होतं. कारण त्याच्या आडनावाचं स्पेलिंग आधार कार्डावर एक, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं, आणि व्हिजनवाल्याने फॉर्ममध्ये तिसरंच लिहिलं. अंकशास्त्रानुसार एक जादा ‘ए’ घातला होता म्हणे. पुढे याहून भारी झालं. बँडचं पहिलं गाणं बाहेर पडलं ते त्याच नावाच्या फिनलंडमधल्या एका मेटल बँडच्या पानावर. केस मोकळे सोडलेल्या त्या पाच जणांच्या फोटोखाली आमचं धुकं वाजायला लागलं. ते उतरवून घ्यायला पंधरा दिवस गेले. त्या पंधरा दिवसांत जितक्या लोकांनी गाणं ऐकलं तितके त्यानंतर अजून झालेले नाहीत, त्यामुळे तक्रार करायची घाई का केली, असं आता सगळ्यांना वाटतंय.

त्याच फॉर्ममध्ये कोणाचा हिस्सा किती टक्के, हा रकाना असतो. इथे चार जिवलग मित्र पहिल्यांदा एकमेकांकडे वकिलाच्या नजरेने पाहतात. आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे आणि २०१२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली; राज्यसभेत जावेद अख्तर त्यासाठी हिरिरीने बोलले होते. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क तेव्हापासून इतका पक्का झाला की वारस आणि कॉपीराइट सोसायटी सोडून तो कुणाला देऊन टाकायचा म्हटलं तरी देता येत नाही. कायदा उत्तम आहे. पण शब्द कोणाचे आणि चाल कोणाची हे कायदा सांगत नाही. गिटारवाला म्हणाला, दोन्ही माझं. गायक म्हणाला, वरचा आलाप मी घेतला. भाचा म्हणाला, बेसलाइन काढली तर गाण्यात उरतं काय? ड्रमरने क्लायंटच्या कॉलवरून, माइक म्यूट करून, आपलं म्हणणं हातवाऱ्यांनी मांडलं. तेवढ्यात ताई चहा घेऊन आली आणि तिने विचारलं, ‘कुकरचे किती टक्के?’ शेवटी सगळ्यांचे पंचवीस-पंचवीस ठरले. मी तो कागद स्टॅम्पपेपरवर करून घेतला. स्टॅम्पपेपरचा खर्च बँडला आजवर मिळालेल्या रॉयल्टीपेक्षा जास्त आहे.

कव्हरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की डोकं दुखतं. कव्हर तीन हजार बाय तीन हजार पिक्सेलचं करून मागतात आणि लोक ते फोनवर टपाल तिकिटाएवढं बघतात. अल्बमचं नाव काय ठेवायचं यावर मुलांना दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडचा आदर्श होता. त्यांनी २०१० मध्ये अल्बममधलं एकेक गाणं दर महिन्याला इंटरनेटवर फुकट दिलं आणि अल्बमला करोल बागेतल्या आपल्या तालमीच्या जुन्या घराचा पत्ताच नाव म्हणून दिला, ‘१६/३३० खजूर रोड’. आपणही पत्ता देऊ, असं ठरलं. कमिटीने लेखी हरकत घेतली की, सोसायटीचं नाव मनोरंजनाच्या वस्तूवर वापरू नये, शिवाय सदर फ्लॅटचा दोन तिमाह्यांचा मेंटेनन्स थकीत आहे. मेंटेनन्स का थकला, याची नोंद माझ्या वहीत ‘स्टुडिओ, टप्प’ या शीर्षाखाली आहे.

फोटोचं मात्र मला खरंच कुतूहल आहे. बँडच्या फोटोत चार माणसं चार दिशांना का बघतात? आमची मुलं एका पडक्या वाड्यासमोर उभी होती. एक आकाशाकडे, एक बुटाकडे, एक डावीकडे, आणि भाचा उजवीकडे, जिथे मी उभा होतो. कुणी हसायचं नाही असा सक्त नियम होता. ही चौघं एरवी एकत्र आली की खिदळून बिल्डिंग डोक्यावर घेतात. वाड्यातल्या एका आजींनी बाहेर येऊन, बिल्डरची माणसं का, असं विचारलं. गायक हसला. तोच फोटो सगळ्यांत चांगला आलाय आणि तोच रद्द झाला.

मग तारीख. १० जुलै २०१५ पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी बाहेर पडतं, अशी रीत पडली आहे. त्याआधी इंग्लंडचा वार सोमवार होता, अमेरिकेचा मंगळवार. आमची अडचण अशी की वर्षात बावन्न शुक्रवार असूनही एकही मोकळा नाही. जानेवारीत ड्रमरचं अप्रेझल. मार्चमध्ये गायकाचं ऑफिस, तिथे ऑडिट. एप्रिल-मे आयपीएल, संध्याकाळी कुणी गाणं ऐकत नाही, अर्थात मेमध्ये सीएची परीक्षाही असते, पण गायक स्वतः तिचा उल्लेख करत नाही. जूनमध्ये पहिला पाऊस. तेव्हा आपल्याकडे प्रत्येकाचं पावसाचं एक गाणं येतं, त्या गर्दीत आपलं धुकं कोण बघणार? जुलैमध्ये वारी, त्यानंतर पथकाच्या तालमी सुरू, म्हणजे ड्रमर गेला तो अनंत चतुर्दशीपर्यंत. मुलांनी चतुर्दशीनंतरचा पहिला शुक्रवार पक्का केला, पोस्टर केलं, आणि आजीने पंचांग काढलं. पितृपक्ष. ‘या पंधरवड्यात नवी गाडी घेत नाहीत, तुम्ही गाणी काय काढताय?’ गिटारवाल्याने तिला समजावलं की अल्गोरिदमला पितृपक्ष कळत नाही. आजी म्हणाली, ‘त्याला नाही, मला कळतो.’ यावर बँडकडे उत्तर नव्हतं, कारण आजीच्या मुदतठेवीवर माइक आला होता. नवरात्रात गरब्याखेरीज कशाला वाव नाही, दिवाळीत सगळे पहाटे उठून दुसऱ्यांची गाणी ऐकतात, डिसेंबरात सवाई आणि लग्नं. शेवटी नोव्हेंबरातला एक अनाथ शुक्रवार सापडला. त्याच्या निदान सात दिवस आधी गाणं पाठवलं तरच स्पॉटिफायच्या प्लेलिस्टवाल्यांकडे अर्ज करता येतो, म्हणून मी स्वतः त्या तारखेच्या महिनाभर आधी खुर्ची टाकून भाच्याशेजारी बसलो आणि अर्ज भरून घेतला. अर्जात विचारलं होतं, गाण्याचा मूड काय? भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिही, थकीत.

अल्बम आता काढण्यात तसा काही अर्थ नाही, हे हिशेब खात्याचं स्पष्ट मत आहे. सल्ला देणारे सगळे सांगतात की आधी एकेक गाणं सुटं सोडा, म्हणजे अल्बम येईस्तोवर त्यातली निम्मी गाणी शिळी झालेली असतात. ऐकणारा एक गाणं घेतो आणि निघून जातो. पैशांचं म्हणाल तर, गाणं तीस सेकंद ऐकलं तरच ते ऐकलं असं धरतात, आणि २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याला काहीच मिळत नाही. ताईने यावर नातेवाइकांच्या ग्रुपवर फर्मान काढलं की, प्रत्येकाने रोज प्रत्येक गाणं मोजून तीस सेकंद ऐकावं. आई घड्याळ समोर ठेवून ऐकते आणि एकतिसाव्या सेकंदाला कीर्तन लावते. आता पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला चाळीस सेकंद नुसता पत्र्यावरचा पाऊस आहे. म्हणजे पैसे जमा होतात तोवर बँड वाजायलाही लागलेला नसतो. पाऊस कमी करा, लोक पाच सेकंदांत पुढे जातात, असं सगळ्यांनी सांगून झालं. गिटारवाला ऐकत नाही. त्याचं म्हणणं, आठ गाणी याच क्रमाने, मध्ये न थांबता ऐकली तरच त्यांना अर्थ आहे. पहिल्यातला पाऊस शेवटच्या गाण्यात थांबतो.

मी एकदा तसं ऐकलं. गाडी पार्किंगमध्ये उभी होती, घाई नव्हती. सहाव्या गाण्यात बाकी सगळं थांबतं, बेस एकटा चालत राहतो आणि गायक अगदी जवळून, साड्यांच्या मधून, बोलल्यासारखं गातो. मग ती शिट्टी येते. गिटारवाल्याचं बरोबर आहे. पाऊस कमी करू नये. हे मी त्याला सांगितलेलं नाही, नाहीतर तो चाळीसचे ऐंशी सेकंद करील.

आता उरलाय लाँचचा कार्यक्रम. एका कॅफेने हॉल दिलाय. साठ खुर्च्या. तिकिटात एक कॉफी, आणि कॉफीचं मशीन स्टेजच्या शेजारी असल्यामुळे गाण्यात वाफ सोडायची नाही असा करार मी लेखी करून घेतला आहे. दहाला आवाज बंद. तिकिटं विकायची हा मुलांचा बेत होता, पण खालच्या काकूंना तिकीट कसं लावणार? कुकर त्यांचा. वॉचमनला कसं लावणार? मिक्स त्याचा. कमिटीचे सातजण, स्टुडिओचा इंजिनिअर, फोटोत आलेल्या वाड्यातल्या आजी, हिंजवडीची टीम, भाऊजींचे दोन भाऊ आणि दोन्हीकडच्या मावश्या. मोठ्या मावशीचा फोन आला होता: कार्यक्रम किती वाजता संपतो आणि नंतर जेवण आहे का? आहे म्हटलं. जेवण ताईकडे.

बँडचे टी-शर्टही छापून आलेत, त्यांचं गोदाम पलंगाखाली आहे. मापं ड्रमरने कळवली होती, त्यामुळे सगळे डबल एक्सएल आहेत. मी एक सकाळी फिरायला घालतो. छातीवर बँडचं नाव आहे, पण टेकडीवर अजून कुणी ओळखलेलं नाही, त्यामुळे मिस्ट्री शाबूत आहे.

वाचकांना एवढीच विनंती. तुमच्या बिल्डिंगमध्येही वरच्या मजल्यावर असा एखादा बँड असेल. नसेल तर यंदाच्या मेमध्ये येईल. त्यांचा अल्बम निघाला की सुरुवातीच्या पावसासकट सगळा ऐका. कार्यक्रम असेल तर तिकीट काढून जा, ओळख सांगू नका. आमच्या साठ खुर्च्यांपैकी एकोणसाठ पाहुण्यांच्या यादीत गेल्या आहेत. एक शिल्लक आहे. तिचं तिकीट दोनशे रुपये, कॉफीसह, आणि सुट्टे पैसे आणावेत.